मानेवरची नक्षी

"मान जरा खाली घ्या, मालक," उलोमा म्हणाली आणि उदेंबाने गुमान मान खाली घातली.

एरवी गाव वाकायचं याच्यापुढे. चूक गावाचीच! गोऱ्या साहेबाने प्रमुख मागितला, तेव्हा वडीलधारे म्हणाले, खरा माणूस कशाला दाखवायचा? धरून नेला तर? म्हणून हा रिकामटेकडा पुढे ढकलला. तो आठ दिवसांत साहेबाची टोपी घालून परत आला आणि सगळ्यांच्या उरावर बसला.

रस्त्याच्या कामाला माणसं मागितली की हा स्वतःची भावकी वाचवायचा आणि विधवांची पोरं पाठवायचा. उलोमाचा एकुलता एक अझुकाही असाच गेला. कुस्तीच्या आदल्या संध्याकाळी तिने त्याच्या दंडावर उलीच्या फळांच्या रसाने नक्षी काढली होती. रस लावताना पाणचट असतो, दुसऱ्या दिवशी काळाभोर उमटतो. पण उजाडण्याआधीच शिपाई आले. पोरांच्या गळ्यांत एकच दोरी ओवून घेऊन गेले. पुढे ती दोरी परत आली, पुढच्या पोरांसाठी. अझुका रस्त्याकडेला पुरला, असा नुसता निरोप आला.

उद्या उदेंबाला मानाची पदवी मिळणार होती, डोक्यावर गरुडाचं पीस खोवलं जाणार होतं. अंगावर नक्षी हवी, आणि उलोमासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"मागे काय काढतेस गं?"

"तुम्हाला शोभेल असंच."

"अजगर काढ. चांगला जाडजूड."

"वेटोळंच काढतेय."

"पोराचा राग नाही ना धरलास?"

"माझा कसला राग, मालक? हलू नका तेवढं."

त्याची थोरली बायको अडाकू रसाची वाटी धरून उभी होती. तिने ती रेघ बघितली. गळ्याभोवती पीळ घेत गेलेली आणि मानेवर गाठ मारलेली. तिचा धाकटा भाऊही त्याच दोरीत गेला होता. उलोमाचा हात थबकला. आता ही बोंब मारणार!

"आणखी रस आणू का?" अडाकूने विचारलं.

सकाळी उदेंबा उघड्या खांद्यांनी, छाती काढून चौकात आला. घरात कुणी त्याला काही बोललं नव्हतं. समोरून लोक नमस्कार करत होते, पाठ फिरली की तोंडं दाबत होते. पाहुणा म्हणून आलेल्या साहेबाने दुभाष्याला काहीतरी विचारलं.

दुभाष्या परगावचा. तो म्हणाला, "साहेब विचारतात, गळ्याभोवती हे काय काढलंय?"

उदेंबाचा हात झटकन मानेवर गेला. मग अडाकूच पुढे आली.

"रस्त्याच्या कामाला नेलेल्या पोरांना बांधायची दोरी. गाठ नीट बघा म्हणावं. माझा भाऊ याच गाठीत मेला."

पदवी देणाऱ्या म्हाताऱ्याने गरुडाचं पीस हळूच पिशवीत परत ठेवलं. "बांधलेल्या माणसाच्या डोक्यावर आपण पीस खोवत नाही," तो म्हणाला आणि घरी चालू लागला. त्याच्यामागे सगळा चौक रिकामा झाला.

संध्याकाळी उदेंबा उलोमाच्या दारात आला. वाळूने घासघासून मान सोलली होती, रेघ तशीच होती.

"पूस हे, सटवे!"

"पुसलं जात नाही ते. जाईल आपोआप, थोड्या दिवसांत."

"तुरुंगात सडवीन तुला!"

"सडवा की. कशापायी, ते साहेबाला तुमच्याच तोंडाने सांगा म्हणजे झालं."

खांद्यावरचं फडकं मानेभोवती ओढून घेत तो आडवाटेने निघून गेला. उलोमाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार फार बरं वाटलं.

मग ती हात धुवायला बसली. रसाने बोटंही काळीभोर झाली होती. उदेंबाच्या मानेवर रेघ अगदी सुबक उमटली होती. अझुकाच्या दंडावरची कशी उमटली, ते मात्र तिने कधी पाहिलंच नाही.