भाऊबिजेचा कागद

भाऊ नसलेल्या बायका भाऊबिजेला चंद्राला ओवाळतात. चांगुणाच्या आईने मात्र लेकीला ते कधी करू दिलं नाही. रंगुबाईचं म्हणणं एकच होतं, "ज्यांना भाव न्हाई त्यांनी चंद्राला ओवाळावं. तुला भाव हाय. कुठं हाय, तेवढंच ठाव न्हाई." मग निरांजन लावलेलं ताट कोनाड्यात जाई आणि तेल संपेपर्यंत मायलेकी त्याच्याकडे बघत बसत. सणासुदीला असं बसायचं म्हणजे अंगावर काटाच यायचा, पण रंगुबाईपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. तिचा नवरा सहादेव तर त्या संध्याकाळी बैलांचं निमित्त काढून गोठ्यातच रेंगाळायचा.

कानिफ हरवला तो ऊसतोडीच्या हंगामात. पाथर्डीकडच्या कोरड्या गावांतली माणसं दसरा झाला की गाड्या जुंपून प्रवरेच्या पाण्यावरच्या उसाकडे निघत, तसे हेही निघाले होते. देवळाली प्रवरेच्या शिवारात एका दुपारी आईबाप फडात होते, चांगुणा पाचटाच्या कोपीपाशी भाकरी थापत होती आणि चार वर्षांचा कानिफ गाडीखाली पोत्यावर झोपला होता. भाकरी उलटून तिने मागे पाहिलं तर गाडीखाली नुसतं पोतं. सगळ्या टोळीने फड पालथा घातला, पण पोर मिळालं नाही. रंगुबाई पुढे किती दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला खूण सांगत राहिली, "उजवी भिवई मधोमध तुटल्याली हाय. जेवायच्या हाताकडची." रांगता असताना गाडीच्या जुवावर आपटून तिथे खोक पडली होती आणि पुन्हा केस आले नव्हते.

चांगुणाला कुणी बोल लावला नाही. फक्त पुढच्या मढीच्या यात्रेत आईने तिच्या उजव्या गालावर ठिपका गोंदवून घेतला. पोर कळवळून रडत होती आणि आई तिचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरून सांगत होती, की उद्या तू हरवलीस तर वळखायला कायतरी पायजे.

सत्तर साली शेजारच्या बाजारगावात हायस्कूल झालं आणि चांगुणा आठवीत बसली. चित्रकलेचा तास म्हणजे वर्गाला हक्काची डुलकी होती. आधीचे मास्तर फळ्यावर एक आंबा काढून वर्तमानपत्र उघडायचे, ते घंटा होईपर्यंत. मग नगरहून राधाकृष्ण सर आले आणि डुलकी संपली. हे सर किडकिडीत आणि तापट. टेबलावर पितळी तांब्या ठेवायचे आणि अर्धा तास नुसतं बघायला लावायचे. बघून व्हायच्या आत कुणी पेन्सिल उचलली की बोटांवर पट्टी बसायची. सरांना तांब्याने झपाटलंय, असं पोरं म्हणायची.

चांगुणाला मात्र ते बघणं मानवलं. रिकाम्या पोत्याकडे बघत राहायची सवय तिला होतीच. तांब्याच्या काठावरचा उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते, हे तिला दिसायला लागलं, आणि एकदा दिसलं की हातातून उतरायलाही लागलं. एका तासाला सरांनी स्मरणचित्र काढायला सांगितलं, विषय विहिरीवरच्या बायका. वर्ग घागरी काढत होता. चांगुणाने कागदभर एका लहान पोराचा चेहरा काढला. सर पट्टी घेऊन आले आणि तसेच उभे राहिले. कोण आहे, म्हणून विचारलं. तिने सांगितलं. सरांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि तो कागद तिला घरी नेऊ दिला.

रंगुबाईने चित्र हातात घेतलं आणि चुलीसमोर बसकण मारली. ती म्हणाली, "ह्यो तव्हाचा झाला. आता तो आठाचा असंल. औंदाचा काढ."

आता न पाहिलेला चेहरा काढायचा कसा? सरांनी ते शिकवलं. पोर वाढतं तसा जबडा खाली उतरतो, नाक लांबतं, गालाचा गोलावा जातो. "डोळे फारसे वाढत नाहीत," ते म्हणाले. "चेहरा त्यांच्याभोवती वाढतो." चांगुणाने वर्गातल्या पोरापोरींची आठ-नऊ वर्षांची धाकटी भावंडं निरखली, कितीतरी कागद फुकट घालवले आणि दिवाळीपर्यंत आठ वर्षांचा कानिफ तयार केला. भाऊबिजेला आईने तो भिंतीवर लावला. चांगुणाने पहिल्यांदा भावाला ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात कागदावरचे डोळे हलल्यासारखे वाटले, तशी तिने नजर ताटावर खिळवली.

चूक तिला दिवाळीनंतर कळली. सरांनी एका पोराला समोर बसवून बजावलं, की समोरच्याचा उजवा हात कागदावर आपल्या डाव्या हाताला येतो, तिथेच नवशिके फसतात. तिने तुटकी भिवई आपल्या उजव्या हाताला काढली होती, म्हणजे कानिफच्या डाव्या डोळ्यावर. पुढच्या वर्षीच्या चित्रात तिने ती सुधारली, तर रंगुबाईने चित्र भिंतीला लावूच दिलं नाही. हा माझा न्हाई, म्हणाली. खोडरबराने घासून चांगुणाने भिवई पुन्हा चुकीच्या बाजूला नेली, तेव्हा कुठे आईचा जीव खाली बसला. सरांना हे सांगितलं तेव्हा ते चिडले. चूक गिरवली की ती हातात मुरते, म्हणाले. पण सरांना काय, त्यांना घरी रंगुबाई नव्हती.

त्याच हिवाळ्यात तांड्यावरच्या एका गाडीवानाला आई खूण सांगत होती ती चांगुणाने ऐकली. "डावी भिवई तुटल्याली हाय. जेवायच्या हाताकडची." एवढी वर्षं आईने जीव मुठीत धरून जपलेली एकच आठवण, ती आपल्या पेन्सिलीने पुसली, हे तिला कळलं. ती त्या दिवशी जेवली नाही.

बहात्तरला पाऊस आलाच नाही. गावोगाव दुष्काळी कामं निघाली आणि पुढच्या उन्हाळ्यात चांगुणा, आई, बाप, सगळेच पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला लागले. दुपारी सुकडीचा कोरडा खाऊ वाटत. एके दिवशी त्या रांगेत एक दहाएक वर्षांचं पोर उभं होतं. कुणाचं, कुठल्या टोळीचं, कुणालाच माहीत नव्हतं. रंगुबाईच्या डोक्यावरची पाटी खाली पडली. तिने जाऊन त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. चांगुणा धावत मागे गेली आणि जागच्या जागी थिजली. मागच्या दिवाळीत तिने काढलेला जबडा, तेच नाक, किंचित उघडे राहिलेले तेच ओठ. आणि तुटलेली भिवई डावी.

पोराने सुकडी डाव्या हाताने घेतली आणि डाव्या हातानेच खाल्ली.

"जेवायच्या हाताकडची," रंगुबाई हुंदके देत म्हणाली. एवढी वर्षं कुठं हुतास, म्हणून तिने विचारलं, तर ते पोर म्हणालं, "घरीच हुतो की." कामावरची माणसं हसली. बायकांनी डोळे पुसले. हसू किंवा रडू, चांगुणाला काहीच आलं नाही.

सहादेवने घरी आल्यावर पोराला बैल पारखावा तसं चहूबाजूंनी पाहिलं आणि लेकीला गोठ्यात बोलावलं.

"उजवी हुती," तो म्हणाला.

"व्हय."

"तुझी आई आज पोटभर जेवली. मला दुसरं काय बी बघायचं न्हाई."

कानिफ घरात राहिला. गुणी होता, गोड बोलायचा, चांगुणाला आक्का म्हणायचा. तिलाही त्याचा लळा लागला, हे खोटं कशाला सांगायचं. भाकरी करताना तो पाठीशी बसला की तिला पुन्हा पुन्हा मागे वळून बघावं लागत नसे. पण गावचा न्हावी दुसऱ्यांदा आला तेव्हा कात्री हातात धरून बसून राहिला. ह्याचं केस वाढतच न्हाईत, म्हणाला. नखं तशीच. हलणारा एक दात हलतच राहिला, पडला नाही. पाऊस झाला, बाजरी आली, गावातली पोरं वीतभर वाढली. कानिफची चड्डी गुडघ्याला जिथे टेकत होती तिथेच टेकत राहिली.

त्र्याहत्तरच्या भाऊबिजेला चांगुणाने जित्याजागत्या भावाला ओवाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात कोरा ड्रॉइंग पेपर होता. आईने तो बाजारातून मागवून ठेवला होता.

"औंदाचं काढ," रंगुबाई म्हणाली. तिने लेकीच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

चांगुणाने कानिफला ओसरीवर समोर बसवलं आणि एक वर्षाने मोठा काढला. हात आता तयार होता. भिवई तिने डावीच काढली, चुकून नव्हे, जाणूनबुजून. आईने चित्र भिंतीवर लावलं. दुपारपर्यंत कानिफची चड्डी गुडघ्यावर चढली, दात पडला आणि केस कानांवर आले. रंगुबाईने त्याला नवी चड्डी शिवायला टाकली.

मॅट्रिकच्या परीक्षेनंतर राधाकृष्ण सर स्वतः घरी आले. चांगुणाच्या हाताला पुण्याला जाऊन शिकायलाच हवं, दोन वर्षांत ती चित्रकलेची मास्तरीण होईल, राहायची सोय मी बघतो, असं त्यांनी सहादेवला पटवलं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिने स्वतःसाठी मागितली असती. पण ती गेली तर दर भाऊबिजेला कागद कोण काढणार? आणि नाही काढला तर ते पोर अकरा वर्षांचंच राहणार, आई म्हातारी होऊन मरेल तरी.

रंगुबाई अडवणारी नव्हती. "जा," ती म्हणाली. "पर आदी त्याचं बघ."

मग त्या उन्हाळ्यात चांगुणाने पुढची चित्रं काढायला घेतली. भिंतीवर लागेल तेच त्या वर्षाचं, एवढं तिला कळलं होतं. बाकीची गुंडाळून ट्रंकेत ठेवायची. सरांनी कागदांचा गठ्ठा दिला होता. रोज दुपारी कानिफ ओसरीवर बसे आणि ती त्याला मोठा करत जाई. गाल बसले, गळ्याची घाटी वर आली, मिसरूड फुटली. तो वाकून बघे आणि खूश होई. बाशिंगाजोगा झाला, पोरांचा बाप शोभेलसा झाला, कानशिलावर पांढरं आलं. चेहरा डोळ्यांभोवती वाढत गेला, डोळे तेच राहिले. गठ्ठा उतरू लागला तसा चांगुणाचा हात जड व्हायला लागला. आपण किती कागदांवर थांबतो त्यावर काय ठरणार आहे, हे तिला ठाऊक होतं. पाचवीला सटवीसाठी कोरा कागद ठेवतात. सटवी बिचारी लिहून तरी मोकळी होत असेल, तिला पोराच्या समोर बसावं लागत नाही.

शेवटचा एक कागद उरला. चित्रातला कानिफ म्हातारा झाला होता, तोंडात दात नव्हते, आणि हसत होता. चांगुणाने पेन्सिल खाली ठेवली. तो कागद तिच्याने घेववेना.

कानिफने तो ओढून घेतला. "आक्का, बस की नीट," म्हणाला आणि डाव्या हाताने काढायला लागला. कुणी शिकवलं नसताना त्याची रेघ सरांसारखी सरळ चालत होती. काढून झाल्यावर त्याने कागद तिच्यापुढे धरला. चित्रात एक म्हातारी होती, केस पांढरेशुभ्र, गालांना सुरकुत्या. "तू बी लई जगशील," तो म्हणाला. चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊबिजेची ओवाळणी तिला त्या क्षणी मिळाली. मग तिची नजर गोंदणाकडे गेली. नवशिक्याची चूक. ठिपका त्याने आपल्या उजव्या हाताला काढला होता, तिच्या डाव्या गालावर.

खोडरबर तिच्या मांडीवरच होता. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला तिची म्हातारी समोर धरून दाखवणाऱ्या भावाचं मन कसं मोडायचं? तिने चित्राला हात लावला नाही. संध्याकाळी रंगुबाईने ते भिंतीवर, कानिफच्या चित्राशेजारी लावलं. दुसऱ्या सकाळी चांगुणाने वेणी पुढे ओढून पाहिली; केस काळेच होते, वाढायला तिला कागद लागत नव्हता.

जूनमध्ये एसटीच्या थांब्यावर आई पोचवायला आली होती, कानिफचा हात धरून. गाडी दिसली तशी तिने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि तिचं बोट चांगुणाच्या डाव्या गालावर थांबलं. "मढीला गोंदून घेतलं ते बरं केलं," ती म्हणाली. "ह्या ठिपक्यावरनं कुटं बी वळखीन तुला." जिथे बोट टेकलं तिथे चांगुणाला सुई टोचल्यासारखं झणझणलं.

ती खिडकीशी बसली. गाडी घाटाला लागली तरी गालाला हात लावायचा तिला धीर झाला नाही. कंडक्टर आला, तिकीट फाडून पुढे धरलं आणि ती घ्यायला गेली तेव्हा वडीलकीच्या सुरात म्हणाला, "पोरी, उजव्या हातानं घ्यावं."

चांगुणाने तिकीट घेतलं आणि दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले. पुणं येईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत होती. चित्र काढायचा हात यातला कोणता, हे तिला काही केल्या आठवेना.