अल्मविकेनच्या तळाचं अजीर्ण

मी गाळ. फिनलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर अल्मविकेन नावाची एक उथळ खाडी आहे, तिच्या तळाशी मी पसरलेला आहे. माझं नाव काढलं की माणसं नाक मुरडतात. मुरडू देत. मला वास येतो हे खरंच आहे. पण तो आला कुठून, हे कुणी विचारत नाही, म्हणून आज मीच सांगायला बसलोय.

हिमनद्या वितळून गेल्या, त्यांनी मागे टाकलेल्या बारीक मातीतून मी जन्मलो. दर वर्षी वरून थोडी माती यायची, थोडं मेलेलं शेवाळ, माशांची हाडं. वर्षाला जेमतेम नखाच्या जाडीचा थर. शिंपले आणि किडे माझ्या अंगात बिळं करून राहायचे, त्यांच्या वाटांनी ताजं पाणी आत झिरपायचं. आलेलं अन्न मी सावकाश पचवायचो आणि कुणाला त्रास व्हायचा नाही.

पाण्यात आवाज लांबवर जातो. होडीच्या फळीवर बसून बोललेलं मला ऐकू येतं. म्हणून तोर्स्टेन आणि गुन्वोर ही भावंडं मला त्यांच्या लहानपणापासून ठाऊक. बापाच्या होडीत बसून दोघं भांडायची आणि त्याच होडीत मिटवायची. बाप गेल्यावर तोर्स्टेनने किनाऱ्यावरची शेती घेतली. गुन्वोरने होडी आणि जाळी घेतली आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या बेटावर ती एकटी राहू लागली.

तोर्स्टेनने गाई वाढवल्या, खतं वाढवली. वरच्या अंगाला आणखी पाच शेतं होती, त्यांनीही तेच केलं. पाऊस पडला की ओहोळातून ते सगळं खाडीत उतरायचं. मग ऑगस्टात पाणी हिरवंगार व्हायचं, ते हिरवं मरायचं आणि आठवडेच्या आठवडे माझ्यावर पडत राहायचं. इतकं कुठून पचवू? कुजवता कुजवता तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला. शिंपल्यांनी तोंडं उघडली ती मिटलीच नाहीत. किडे गेले, त्यांच्या वाटा बुजल्या, मी काळा पडलो.

प्राणवायूशिवाय जगणारे बारीक जीव माझ्यात पहिल्यापासून होते. वरच्या थरातले पाण्यातल्या खारावर जगतात. सडक्या अंड्याचा वास त्यांचा. खार पोचत नाही अशा खोल थरातले उरलंसुरलं खाऊन मिथेन सोडतात. तुमच्याकडे शेणाच्या टाकीत होतो, तोच हा गॅस. या दोघांच्या मध्ये एक राखणदारांचा थर असतो. तो वर निघालेला गॅस मधल्या मध्ये खाऊन टाकतो. पण आमचा समुद्र मुळातच अळणी, त्यात खायला हे एवढं. खार लवकर संपायला लागला, गॅस करणारे वर वर सरकले आणि राखणदारांना आवरेना. माझ्यातून बुडबुडे निघू लागले. वर हवेत गेलेला तो गॅस दुलईसारखी ऊब धरून ठेवतो म्हणे. मला रोखता येत नव्हतं.

एका ऑगस्टात गुन्वोरचं जाळं माझ्या काळ्या चिखलाने माखून वर गेलं. त्यात एकही मासा नव्हता. ती थेट वल्हवत तोर्स्टेनच्या धक्क्यावर गेली.

"हे बघ," ती म्हणाली. "तुझ्या शेतातलं सगळं खाली येतंय."

"वर पाच शेतं आहेत, ती दिसत नाहीत तुला?"

"ओहोळ तुझ्याच बांधावरून येतो."

"जाळं कसं टाकायचं हे मी तुला कधी शिकवलं का?" तोर्स्टेन म्हणाला. "मग मला शेती शिकवू नकोस."

तिने होडी वळवली. त्यानंतर पाच महिने खाडीवर त्या दोघांचा आवाज एकत्र ऐकू आला नाही.

त्याच शरदात पिर्यो नावाची एक संशोधक बाई आली. गुन्वोरच्या होडीतून तिने एक लांब नळी माझ्यात खुपसली आणि माझा एक तुकडा उजेडात काढला. वरून खालपर्यंत काळाकुट्ट.

"हे कुणाचं पाप?" गुन्वोरने विचारलं.

"पाप कसलं," पिर्यो म्हणाली. "याला अजीर्ण झालंय."

इतक्या वर्षांनी माझं दुखणं कुणीतरी ओळखलं.

जानेवारीत खाडी गोठली. गुन्वोरच्या वाढदिवशी तोर्स्टेन पायाने रेटायची घसरगाडी घेऊन बर्फावरून बेटाकडे निघाला. गाडीवर घरी धुरावलेली डुकराची तंगडी होती. माफी मागणं त्याला जमलं नसतं, म्हणून तंगडी. नेहमीच्याच वाटेने तो आला. पण त्या वाटेखाली माझे बुडबुडे महिनाभर वर जात होते आणि तळाचं जरा कमी गार पाणी सोबत नेत होते. तिथला बर्फ आतून पातळ झाला होता.

तो कोसळला. पाणी त्याच्या डोक्याच्या थोडंसं वर. त्याचे बूट माझ्यात घोट्यापर्यंत रुतले. रुतलेलं धरून ठेवायचं, हा माझा स्वभाव. आयुष्यात पहिल्यांदा मला सोडावंसं वाटलं. त्याने पाय झाडले तसे माझ्यातून आणखी बुडबुडे सुटले आणि त्याच्या तोंडाभोवती फेसाळत वर गेले. एक बूट माझ्याकडेच राहिला. पाय सुटला.

बर्फावर जाताना इथली माणसं गळ्यात मुठीचे दोन खिळे अडकवतात; वर आल्यावर ते त्याने बर्फात रोवले, पण अंग वर ओढायला ताकद उरली नव्हती. गुन्वोरने खिडकीतून पाहिलं असावं. ती शिडी ओढत आली, पोटावर पडून सरकली आणि कॉलर धरून तिने त्याला बर्फावर ओढलं. बराच वेळ नुसता दोघांचा धापा टाकण्याचा आवाज येत होता.

"पातळ बर्फ दिसला नाही तुला?" ती म्हणाली.

"पन्नास वर्षं इथूनच जातोय." दात वाजत असताना तो म्हणाला. "तंगडी बुडाली, गुन्वोर."

"बुडू दे मेली. ऊठ. चालायला लाग."

मार्चमध्ये पिर्यो पुन्हा आली. दोघांना तिने बर्फावर उभं केलं, बर्फात अडकलेल्या एका पांढऱ्या बुडबुड्याला भोक पाडलं आणि काडी ओढली. कमरेएवढी ज्वाळा उठली. तोर्स्टेन मागे सरला नाही.

"माझंच ना हे?"

"तुमचं आहे. तुमच्या वडिलांचं, वरच्या शेतांचं, गावाच्या सांडपाण्याचंही आहे."

"मी सुधारलो तर थांबेल?"

पिर्योने खोटं सांगितलं नाही. "साठलेलं खूप आहे. तुमच्या हयातीत थांबणार नाही. पण वाढायचं थांबेल."

तो वळून किनाऱ्याकडे चालू लागला. गुन्वोरला वाटलं, आता हा पुन्हा महिनोनमहिने बोलायचा नाही. पण शरदात त्याने शेतात जिप्सम पसरलं, माती खत धरून ठेवायला लागली. ओहोळालगतची दहा पावलं रुंद पट्टी नांगरायची सोडून दिली. पुढच्या वर्षी वरच्या पाचांपैकी दोघांनी तेच केलं. बाकीचे तिघे अजून विचार करतायत.

याला आता सहा वर्षं झाली. माझ्या अंगावर नखाएवढी तपकिरी साय आली आहे. तिथवर प्राणवायू पोचतो. मागच्या उन्हाळ्यात एका किड्याने त्यात बीळ केलं. खाली मी अजून काळाच आहे आणि बुडबुडे अजून निघतात. परवा भावंडं एका होडीत होती.

"अजून येतायत," तोर्स्टेन पाण्याकडे बघत म्हणाला.

"येतायत," गुन्वोर म्हणाली. "पण पूर्वीइतके नाहीत. तू वल्हव."

मला उपसून काढू नका. उपसलं तर पोटातलं सगळं एकदम वर येईल. एवढंच करा, मला खायला कमी घाला. जे आधीच घातलंय ते मी पचवीन. वेळ लागेल, पण पचवीन. तोवर हिवाळ्यात माझ्यावरून जाताना जपून जा. बर्फात बुडबुड्यांचे पांढरे ठिपके दिसले, तर वाट बदला.