लख्ख धुतलेला डबा

“धुतलेला डबा काही सांगत नसतो गं. एकदा सासऱ्यांच्या शेजारी बसून जेव,” आई फोनवर म्हणाली होती. लेकीनं ते कानाआड केलं. “तुला ना आई, सगळ्यात खुसपट काढायचं असतं.”

सासूबाई गेल्यावर सासरे दुकानामागच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. घड्याळं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला; जागा सोडायला तयार नव्हते. बाळ झाल्यापासून तिचं तिकडे जाणं राहिलंच. पण दर आठवड्याला ती सासूबाईंच्या पद्धतीचं मटण करी. मोठे तुकडे, खरपूस परतून रश्श्यात सोडलेले, वर अख्खे शेंगदाणे. नवरा कामावर जाता जाता डबा पोचवी आणि येताना लख्ख धुतलेला आणी, वर निरोप, “बाबा म्हणाले, थेट तिच्या सासूच्या हातची चव.” तिच्या अंगावर मूठभर मांस चढे. नणंदेकडच्या पंगतीत तर तिनं मिरवलंही होतं, “आमचे बाबा माझ्याच हातचं बोटं चाटून खातात.”

एका दुपारी बाळानं घर डोक्यावर घेतलं, म्हणून त्याला काखेत मारून ती न सांगताच तिकडे गेली. मागचं दार उघडंच होतं. बाबा पायरीवर बसून सकाळचा डबा एका कुत्र्यापुढे रिता करत होते. बशीत चहात भिजवलेला पाव. फळीवरच्या वाटीत दुभंगलेली कवळी.

तिला बघताच त्यांनी तोंडावर हात धरला.

“ये ये. पाहुण्याला वाढत होतो. तुझ्या हातचं खाऊन कसा सुटलाय बघ.”

“कवळी कधी तुटली बाबा?”

“झाले की काही महिने.”

“मग सांगायचं नाही?”

“तू एवढ्या हौसेनं तिच्यासारखं करतेस. रस्सा खातो ना मी, चव कळते. चावत नाही, एवढंच. आणि तुझ्यामागे पोराचं काय थोडं आहे?”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवीत बाळाचा मऊ भात होता. सकाळी तिनं त्यातलं शीत न् शीत बोटांनी चुरून पाहिलं होतं, लेकराच्या घशात काही अडकू नये म्हणून. मान वर न करता तिनं तो बाळ आणि बाबा दोघांत वाटला. बाबांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, मग चमचा खाली ठेवलाच नाही. किती दिवसांचे भुकेले होते, ते तिला बघवेना.

“मीठ नाही गं यात,” वाटी पुसून झाल्यावर ते म्हणाले.

“बाळाचं आहे ना बाबा.”

“हां. म्हणूनच गेला घशाखाली.”

घरी येताना पंगतीतलं आपलंच बोलणं तिच्या कानात वाजत राहिलं. नणंदेला फोन करून खरं सांगायचं होतं. तीनदा फोन लावला, तीनदा तोडला.

तुमच्या हातच्या जेवणालाही कुणी ‘छान झालंय’ एवढंच म्हणत असेल. आज त्यांच्याकडे जा, आणि ते जेवत असताना समोर बसा.