काळीचा शनिवारचा उपास

आमच्या जिन्याखालची काळी माझ्याशिवाय कोणाच्या हाती लागत नाही. त्यामुळे माझ्या नातीनं, प्रणोतीनं, मैत्रिणींना घेऊन आमच्या खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरांत भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं शिबिर ठरवलं, तेव्हा काळीला आणायचं काम माझ्याकडे आलं. मागच्या थंडीत काळीची सहाही पिल्लं गेली, तीही मरता मरता वाचली. पुन्हा व्याली तर जाणार, हे सांगायला मला डॉक्टर लागत नाही.

"आजी, शाम से कुछ मत देना. पोट खाली पाहिजे," प्रणोती म्हणाली. पोरीची मराठी अशीच, अर्ध्या वाटेत सांडते.

"काहून?"

"बेहोशी में उलटी हुई तो मर जाएगी."

मी काळीला न्हाणीत कोंडलं. सुनेलाही तिकडे फिरकू दिलं नाही.

सकाळी शिबिराच्या हॉलवर नेलं. डॉक्टर आलोकनं विचारलं, "अम्माजी, कुछ खाया तो नहीं?"

"पाण्याचा थेंब नाही," मी ठणकावून सांगितलं.

त्यानं काळीचं तोंड उघडलं. दातांत पोळी, मिशांना तेल!

माझी मान खाली गेली नाही, सोबत आलेल्या शेजारणीकडे वळली. आमच्या शेजारची बेबी मुलाच्या साडेसातीसाठी दर शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालते. अन् आमच्या ओळीत काळं कुत्रं एकच.

"तू घातली?"

"न्हाणीच्या झरोक्यातून टाकली, वहिनी. मले वाटलं, तुम्ही तिले उपाशी मारून राहिल्या."

"योगेंद्रचा शनी उतरवायला माझी काळी मारते का गं?"

"शनिवारी असं बोलू नका हो!"

डॉक्टरनं हातमोजे काढले. "आज नहीं होगा. अब दिवाली के बाद वाले शिबिर में."

दिवाळीपर्यंत काळी कशाला थांबते! तोवर गाभण राहणार, अन् मग तिची आशाच सोडायची.

"संध्याकाळी?" मी विचारलं.

"शाम तक पेट खाली हो जाएगा. मगर हम तो दोपहर में निकल जाएँगे."

मला तेवढंच ऐकायचं होतं. काळीला शिबिराच्या पिंजऱ्यात टाकलं, वर प्रणोतीला राखणीला बसवलं. "जेवल्याशिवाय जायचं नाही," असं डॉक्टरला बजावून मी घरी आले आणि बेबीला पाटवड्या थापायला बसवलं. पुरणाची डाळ मी मुद्दाम मंद आचेवर ठेवली. सगळी कुत्री आटोपली, डॉक्टरची माणसं आमच्याकडे जेवायला आली, पाटवडीचा रस्सा ओरपून उठायला लागली, तर मी म्हटलं, "बसा, पुरण वाटायचंय अजून."

"अम्माजी, आप हमें रोक रही हैं," डॉक्टर हसला.

"हो, रोकून राहिले. मग?"

पुरणपोळ्या खाऊन होईपर्यंत उन्हं कलली. डॉक्टर हात धुऊन म्हणाला, "लाइए आपकी काली को."

हॉलवर मला अन् बेबीला बाहेर बसायला सांगितलं. मी बसले नाही. शेवटी तोंडाला फडकं बांधून दारात उभं राहू दिलं. मी आपली विचारतेच आहे, "नळी बांधता का पिशवी काढता?"

"पूरी बच्चादानी."

काम झाल्यावर त्यानं ट्रे दाखवला. कोवळ्या चवळीच्या दोन शेंगा एका देठाला असाव्यात, तसं काहीतरी.

"एवढंसं? अन् यात सहा पिल्लं?"

"दोनों तरफ़, कतार में."

"माझ्यातही असंच होतं?"

"नहीं, आपकी तो एक ही थैली होगी."

माझं नसबंदीचं ऑपरेशनही असंच शिबिरात झालं होतं, शाळेच्या खोलीत, बाकं जोडून. तिथं मला कोणी काही दाखवलं नाही. मागायचं असतं, हेही ठाऊक नव्हतं.

"बेबी, इकडे ये!"

"मले नाही पाहवत."

"ये म्हणते ना!"

ती आली. पदरातून एका डोळ्यानं पाहिलं, मग पदर सोडून दोन्ही डोळ्यांनी. टेबलावर काळीनं मागचा पाय हलवला, प्रणोतीनं तिच्यावर चादर ओढली. बेबीचं तिकडे लक्षच नव्हतं. ट्रेवर वाकून ती डॉक्टरला विचारत होती, "भैया, पिल्लू अंदर सीधा रहता है कि उलटा?"