तीनशे दहा

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर दोन इनहेलर होते, एक निळा आणि एक तपकिरी, चहाचे तीन कप, त्यातला एक झाकलेला, पोळ्यांचा डबा, उघडा लॅपटॉप, आणि फुंकून श्वासाचा जोर मोजायची एक पांढरी नळी, जिला घरात नुसतं मीटर म्हणत. टेबलाभोवती माणसं तीन. उज्ज्वल आणि अंजली बसले होते. उल्का उभी होती, कारण मीटरमध्ये उभं राहूनच फुंकायचं असतं.

तिने काटा शून्यावर आणला, छाती भरून श्वास घेतला, नळी ओठांत धरली आणि फुंकली. असं तीनदा. दर वेळी आकडा तिनेच मोठ्याने वाचला.

"तीनशे दहा. तीनशे दहा. तीनशे दहा."

"ठीक," उज्ज्वल म्हणाला. अंजलीने झाकलेला कप मुलीपुढे सरकवला.

तीनदा फुंकायचं आणि त्यातला सगळ्यांत मोठा आकडा धरायचा, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं. उल्काच्या वयाच्या, तिच्या उंचीच्या मुलीचा आकडा सवाचारशेच्या आसपास यायला हवा. जानेवारीत उज्ज्वलने घरात नियम घातला होता: मार्चमध्ये आकडा तीनशे ऐंशीच्या वर असला तर इंग्लंड, खाली असला तर इथेच, सिंगापुरात. आकड्याशी भांडता येत नाही, म्हणून नियम बरा, असं त्याचं म्हणणं. तेव्हा तिचे आकडे सकाळी साडेतीनशे, संध्याकाळी चारशे, असे वरखाली होत. फेब्रुवारीत ते खाली आले आणि तिथेच बसले. डॉक्टरांनी छाती तपासली, साफ आहे म्हणाले. आकडे का उतरले ते त्यांनाही सांगता येईना, तेव्हा तपकिरी इनहेलरचा डोस वाढवून दिला.

लॅपटॉपवर एक मेल लिहून तयार होता. तब्येतीच्या कारणामुळे आमची मुलगी येऊ शकत नाही, आपण जागा वर्षभर राखून ठेवलीत त्याबद्दल आभार. इंग्लंडमधल्या त्या विद्यापीठाला सोमवारपर्यंत कळवायचं होतं. दुसऱ्यांदा ते जागा राखणार नव्हते.

गोष्ट गेल्या जूनची. केमिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून तिघं कॅम्पस पाहायला गेले होते, आणि तिथल्या दगडी जिन्यावर उल्काला दम्याचा असा झटका आला की दोन रात्री हॉस्पिटलात काढाव्या लागल्या. विद्यापीठाने समजून घेतलं, प्रवेश दोन हजार सोळापर्यंत पुढे ढकलला. परत आल्यावर सप्टेंबरात सिंगापूरवर शेजारच्या देशातल्या पेटलेल्या जंगलांचा धूर पसरला आणि उल्काने ते दोन महिने बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये खिडक्या लावून काढले. बाकीचं वर्ष तिने खालच्या मजल्यावरच्या मुलांच्या गणिताच्या ट्यूशन घेतल्या.

नागपूरला उज्ज्वलचे वडील भाऊसाहेब यांनी विहारात पेढे वाटले होते, ते प्रवेश पुढे गेल्याचं कळायच्या आधीच. त्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा कोटातला फोटो होता, तसाच या फ्लॅटमध्येही होता, खाली तथागतांची छोटी मूर्ती. ज्या घरात तो फोटो असतो, तिथे विलायतेला शिकायला जाणं म्हणजे नुसती ॲडमिशन नसते. उज्ज्वलला हे कुणी शिकवलं नव्हतं आणि त्याने ते उल्कालाही कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नव्हतं.

त्या शनिवारी इथल्या विद्यापीठात ओपन हाउस होतं. इंग्लंड नाही तर हे, म्हणून तिघं निघाले. कॅम्पस टेकडीवर पसरलेलं, वर जायला शटल बस. अंजली सकाळपासून खुशीत होती. हॉस्टेलच्या स्टॉलवर तिने शनिवार-रविवार घरी येता येतं का ते दोनदा विचारलं, तेव्हा उल्का म्हणाली, "आई, तू माझ्याच रूममध्ये राहा ना. डबल बेड मागू या." स्टॉलवरच्या मुलीला मराठी कळलं नाही, पण तीही हसली. उज्ज्वल हसला नाही. त्याला प्रत्येक स्टॉलवर तो मेल दिसत होता.

वरच्या बसस्टॉपवर पोहोचल्यावर अंजलीच्या लक्षात आलं की फोन खालच्या स्टॉलवर राहिला. उज्ज्वल वळायच्या आत उल्का पायऱ्या उतरूनही गेली. चांगल्या उंच, वळणं घेत जाणाऱ्या पायऱ्या होत्या. शटल येऊन थांबली तेव्हा ती खालून दोन-दोन पायऱ्या चढत येताना दिसली. अंजलीने काळजीने पर्समधला निळा इनहेलर काढला. उल्का वर आली, फोन आईच्या हातात ठेवला आणि इथल्या इंग्रजीची नक्कल करत म्हणाली, "टेबलावर ब्रोशरच्या खाली होता, आणि ती बाई म्हणते कशी, युवर मदर ऑलवेज लाइक दॅट इज इट, मी म्हटलं ऑलवेज, लाह."

इनहेलरकडे तिने पाहिलंही नाही.

बसमध्ये उज्ज्वल तिच्या मागच्या सीटवर बसला. तिने ते वाक्य एका दमात म्हटलं होतं. तीनशे दहावर असलेलं माणूस एवढ्या पायऱ्या चढून आलं तर इतकं लांब वाक्य मध्ये न थांबता म्हणू शकत नाही. मग त्याला सकाळचे तीन आकडे आठवले, कालचे आठवले, परवाचे आठवले. सकाळी तीनशे दहा, संध्याकाळी तीनशे दहा.

तो जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळायचा. टाक्यांतली पातळी, पाइपांतला दाब, तापमान, सगळं मोजणारी यंत्रं त्याच्याकडे होती. नव्या पोरांना तो पहिल्याच आठवड्यात सांगायचा की आकडा उड्या मारतो म्हणून घाबरू नका. खऱ्या वस्तूचा आकडा थोडा हलतोच. रेघ सरळ झाली की उठा आणि जाऊन बघा, यंत्र अडकलंय किंवा कुणीतरी धरून ठेवलंय. इतके दिवस ती सरळ रेघ त्याच्या समोर चहाच्या वेळी वाचून दाखवली जात होती आणि तो ठीक म्हणत होता.

परतताना ते हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडपात, जेवायला थांबले. ताटं येतात तोच भाऊसाहेबांचा फोन आला. कानाचं यंत्र नीट बसत नसल्यामुळे ते ओरडूनच बोलत, त्यामुळे टेबलावर सगळ्यांना ऐकू येई. विलायतेचं काय ठरलं, असं त्यांनी विचारलं, विहारातले लोक विचारून राहिलेत म्हणाले. उज्ज्वलने सोमवारी कळवतो म्हटलं. उल्का नूडल्स काट्याला गुंडाळत राहिली. गुंडाळून झाल्यावर तिने त्या खाल्ल्या नाहीत.

घरी आल्यावर उल्का आंघोळीला गेली. उज्ज्वलने मीटर उचललं, तोंडाकडचा भाग पुसला आणि स्वतः फुंकलं. पाचशे वीस. पुन्हा, पाचशे साठ. पुन्हा, पाचशे चाळीस.

"तुम्हालाही दमा झाला का?" अंजली किचनच्या दारातून म्हणाली.

त्याने तिला आकडे सांगितले. अंजली लॅबमध्ये जंतूंवर काम करायची. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ती येऊन समोर बसली.

"म्हणजे ती खोटं फुंकते."

"मोजून फुंकते. तीनही वेळा एकाच काट्यावर आणायचं म्हणजे सवय लागते. आणि हा खेळ आहे का? डोस वाढवला तिचा. गरज नसताना जास्तीचं औषध घेते आहे ती."

"हळू बोला." अंजलीने बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. "तिला जायचं नाही, एवढं कळलं ना? मग पाठवून टाका तो मेल."

"त्यात तब्येतीचं कारण लिहिलंय."

"तुम्हाला कारण नको आहे. तुम्हाला भाऊसाहेबांना सांगायला काहीतरी हवंय."

तो उत्तर देणार होता, पण पाण्याचा आवाज बंद झाला. उल्का बाहेर आली, टॉवेलने केस पुसत. टेबलावर मीटर जागेवर नव्हतं, उज्ज्वलच्या हातात होतं. काटा पाचशे चाळीसवर होता. तिने तो पाहिला. टॉवेल हातात तसाच राहिला.

"खाली चल," उज्ज्वल म्हणाला. "जरा पाय मोकळे करू."

ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलं होती. दोन म्हातारे बुद्धिबळ मांडत होते. त्यांच्यापासून लांबच्या टेबलाशी बापलेक बसले. लिफ्टमध्ये जुळवलेली वाक्यं उज्ज्वलला आता आठवत नव्हती.

"त्या जिन्यावर तुम्ही नव्हता, पप्पा," उल्का म्हणाली.

तो नव्हता. हॉस्टेलच्या तळघरात कपडे धुण्याची यंत्रं किती आणि मुली किती, ते पाहायला गेला होता. अंजली फॉर्म भरत होती.

"मला हेल्प म्हणायचं होतं, पण म्हणायला हवाच नव्हती. लोक किती चांगले होते. सगळे बाजूला होऊन मला वाट देत होते. एकाने माझ्यासाठी दार धरून ठेवलं. मी आत जाईना, तर तो सॉरी म्हणाला आणि गेला." ती टेबलावर कोरलेल्या पटाचे चौकोन बोटाने गिरवत होती. "ते दार बंद होताना मी पाहत होते."

"हे मला सांगायचं होतंस."

"काय सांगू? भीती वाटते? तुम्ही म्हणाला असता, किती? वन टु टेन?"

त्याच्या तोंडून हसू निघता निघता राहिलं, कारण त्याने खरंच तेच विचारलं असतं.

"भीती वाटते म्हणून नाही म्हटलं असतं तर चाललं असतं?" तिने विचारलं.

उज्ज्वलला हो म्हणायचं होतं. बुद्धिबळवाल्यांपैकी एकाने घोडा हलवला, दुसरा पटावर वाकला.

"नाही," तो म्हणाला. "जानेवारीत नसतं चाललं."

"आणि आजोबा?"

"त्यांना मी सांगेन. काय सांगायचं ते माझं मी बघेन. आता ऐक. तीनशे ऐंशीचा नियम गेला. जायचं नसेल तर संध्याकाळी मीटरला हात लावू नको. मी मेल बदलून लिहीन, तब्येतीचं खोटं काढून टाकेन, आणि परत या घरात तो विषय निघणार नाही. जायचं असेल तर फुंक. पण खरं फुंक."

"गेले आणि तिथे पुन्हा तसं झालं तर?"

"होऊ शकतं."

"होणार नाही असं म्हणा ना."

"मला माहीत नाही ते, बेटा. पहिले दोन आठवडे मी तिथे येऊन राहीन. पुढचं मला माहीत नाही."

उल्का केस ओले आहेत म्हणाली आणि दोघं वर आले.

संध्याकाळी अंजलीने टेबल पुसून त्यावर मीटर ठेवलं, एकटंच, मधोमध. लॅपटॉप तिने मिटून बाजूला सारला. उज्ज्वल टेबलाकडे पाठ करून खिडकीशी उभा राहिला. आपण पाहत असलो तर ते खरं होणार नाही असं त्याला वाटलं. खाली कार पार्कमध्ये गाड्यांचे दिवे लागत होते. मागे खोलीचं दार उघडलं, चपलांचा आवाज टेबलापर्यंत आला आणि थांबला. अंजली भांडी लावत होती, तीही थांबली. इतका वेळ काहीच झालं नाही की आपण वळावं, हरकत नाही म्हणावं आणि मेल लिहायला बसावं, असं त्याच्या मनात आलं.

मग काटा शून्यावर ओढल्याची टिक ऐकू आली.

तिने श्वास घेतला. तो आत जाताना खोलीत ऐकू आला. फुंकर तोकडी आणि जोरदार होती, तिच्यामागून खोकल्याची उबळ आली. अंजली एक पाऊल पुढे आली. उल्काने हाताने तिला थांबवलं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा फुंकलं. पुन्हा आणला, पुन्हा फुंकलं.

"तीनशे नव्वद," तिने वाचलं. "चारशे तीस. चारशे दहा."

मोठा आकडा धरायचा. चारशे तीस.