गोड बोलणारे हातमोजे

धाकट्याला घरात नाव होतं, ऑफिसात हुद्दा होता, पण त्याला सगळ्यांत प्रिय होतं ते ताईने ठेवलेलं नाव. ताई जन्मापासून बहिरी. बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं आणि ते दुसऱ्याने द्यायचं असतं, आपलं आपण घेता येत नाही. कुणाच्या गालाला खळी असेल तर गालावर बोट, कुणी सारखा चष्मा सावरत असेल तर तेच त्याचं नाव. ताई नऊ वर्षांची आणि धाकटा पाच वर्षांचा असताना तिने स्वतःच्या ओठांवर दोन बोटं टेकवली आणि ती त्याच्याकडे वळवली. माझं तोंड. धाकटा हा किस्सा पाहुण्यांत सांगायचा, मुलाखतीत सांगायचा, आणि समोरच्याचे डोळे पाणावले नाहीत तर पुन्हा सांगायचा.

तोंड होणं काही सोपं नव्हतं, हेही खरं. आईवडिलांना जेव, झोप आणि नको एवढ्याच खुणा यायच्या. बाकीचा सगळा संसार या पोराच्या जिभेवरून जायचा. त्यात ताईचे हात भलतेच तिखट. आत्या आली की दुसऱ्या दिवशी ताईचे हात विचारायचे, "ही बया कधी टळणार?" धाकटा सांगायचा, "ताई विचारतेय, आत्या अजून राहणार ना?" आत्या खूश, आई खूश, पोराच्या हातावर खाऊ. घरात भांडण नको म्हणून तो ताईच्या प्रत्येक वाक्यावर चिमूटभर साखर पेरायचा. पुढेपुढे आपण साखर पेरतोय हेही त्याला कळेनासं झालं. खोटं बोलतोय असं तर त्याला कधी वाटलंच नाही. गोडबोल्यांचं असंच असतं, त्यांना आपण फार समंजस वाटतो.

मोठा होऊन तो इंजिनिअर झाला आणि अंगावर घालायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. तिथे त्याने बोलणारे हातमोजे बनवायला घेतले. प्रत्येक बोटात बारीक तारा, मनगटावर बॅटरी, कॉलरला बटणाएवढा स्पीकर. बहिऱ्या माणसाने खुणा केल्या की स्पीकर बोलणार, आणि ऐकणारा बोलला की मनगटावरच्या पट्टीवर अक्षरं उमटणार. स्पीकरसाठी सहा आवाज आले होते. कंपनीच्या साहेबांनी त्यातला सर्वांत मंजुळ निवडला. ताईला काही तो ऐकू येणार नव्हता, त्यामुळे तिला विचारण्याचा प्रश्नच आला नाही.

आता यंत्राला खुणा शिकवायच्या म्हणजे कुणीतरी हातमोजे घालून हजारो वाक्यं करून दाखवायला हवीत, आणि कुणीतरी प्रत्येकाखाली अर्थ लिहायला हवा. चार जाणती माणसं नेमा, एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला तपासू द्या, असं कुणीतरी सुचवलं होतं. धाकट्याने ते हसण्यावारी नेलं. घरात ताई होती, आणि ताईचं त्याच्याइतकं कुणाला कळणार?

आठ महिने रोज संध्याकाळी ताई कामावरून आली की चहा घेऊन हातमोजे चढवून बसायची. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर होती. कापडाचे चाळीस-चाळीस थर एकावर एक रचून त्यांतून मशीन फिरवायची, डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा. तिच्या हाताखाली सहा जण, तेही बहिरेच. दिवसभराचं सगळं ती भावाला सांगायची, लॅपटॉपचा कॅमेरा तिचं चित्रण करायचा आणि तो समोर बसून लिहायचा.

ताईचे हात म्हणायचे, "सुपरवायझर गाढव आहे." धाकटा लिहायचा, "सुपरवायझर जरा कडक आहेत." हात म्हणायचे, "सोडते हे काम, उद्याच सोडते." असं ती दर दोन दिवसांनी म्हणायची. तो लिहायचा, "आज काम फार होतं." तिने कुणाला शिवी दिली की तो "गैरसमज झाला" असं लिहायचा. न शिकवलेली खूण आली की पडद्यावर अक्षरं यायची: नवी खूण, अर्थ लिहा. पहिल्याच दिवशी तिने त्याला नावाने हाक मारली, ओठांवर दोन बोटं, आणि यंत्राने अर्थ विचारला. माझं तोंड असं लिहिलं तर लोकांना विचित्र वाटेल म्हणून त्याने लिहिलं, "माझा भाऊ."

महिन्याच्या महिन्याला एक अभिप्रायाचा फॉर्मही भरायचा असे, आणि त्यातली वाक्यंही यंत्राला शिकवली जायची. ताई म्हणाली, "बोटांची टोकं झाकलीत, कापड कळत नाही. घामाने हात शिजतात." धाकट्याने फॉर्मवर लिहिलं, "हातमोजे उबदार आहेत." त्याने काय लिहिलं ते ताईने कधी तपासलं नाही. तिला वाचता येत होतं, अगदी चांगलं येत होतं. पण आपलंच तोंड कुणी तपासतं का?

पहिले हातमोजे ताईच्याच कारखान्याने घ्यायचं ठरलं. त्यापायी कारखान्यातल्या दुभाषी बाईंना काढणार, ही बातमीही लगोलग पसरली. दुभाषी बाई दर मंगळवारी यायच्या, ताई आणि तिचे सहा जण यांचं म्हणणं सुपरवायझरला सांगायच्या. तिखट असेल ते तिखटच सांगायच्या. मशीनच्या पात्याला नवी जाळी बसली ती त्यांच्यामुळे. एकाचा अंगठा कापला तेव्हा दवाखान्यात डॉक्टरसमोर तासभर उभ्या राहिल्या त्याही त्याच. ताईला हातमोजे चालले असते एकवेळ, पण बाईंच्या बदल्यात नाही.

म्हणून तिने कंपनीत होणाऱ्या हातमोज्यांच्या प्रात्यक्षिकाला यायचं कबूल केलं. "मालक मंगळवारच्या बैठकीला कधी येत नाहीत," ती भावाला म्हणाली. "तिथे येणार आहेत ना? मग सगळ्यांसमोर मीच सांगते." धाकट्याने तिला काय बोलायचं त्याची चिठ्ठी दिली होती. तिने ती न वाचता खिशात घातली.

कंपनीच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. पुढच्या रांगेत कारखान्याचे मालक आणि कंपनीचे साहेब. ताईच्या मागे मोठा पडदा, तिचं बोलणं त्यावर लिहून येणार होतं. दुभाषी बाईंना बोलावलं नव्हतं. आज यंत्र बोलणार, मग बाईंचं काय काम, असं साहेबांचं म्हणणं.

ताईने हातमोजे नीट ओढून घेतले आणि सुरुवात केली. "हे मोजे मला नकोत. आम्हाला कुणी विचारलं नाही. दुभाषी बाई आमच्यासाठी भांडतात, यंत्र भांडणार नाही. बाईंना काढलंत तर मी काम सोडीन."

कॉलरवरचा मंजुळ आवाज म्हणाला, "हे मोजे उबदार आहेत. आम्हाला काही विचारायचं नाही. दुभाषी बाईंचा आणि आमचा गैरसमज झाला होता. आज काम फार आहे, आम्ही ते आनंदाने करू."

टाळ्या पडल्या. मालक शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, "चला, सुंठीवाचून खोकला गेला. बाईंशी यांचं पटतच नव्हतं म्हणजे."

धाकटा बाजूला हातात माईक घेऊन उभा होता. आधी त्याला वाटलं, यंत्र बिघडलं. मग "उबदार" हा शब्द त्याच्या डोक्यात शिरला आणि त्याचे कान तापले. यंत्र बिघडलं नव्हतं. यंत्र त्याच्यासारखं बोलत होतं, शब्दन् शब्द त्याचा होता. पोराने बापाची लकब उचलावी तशी यंत्राने त्याची साखर उचलली होती.

टाळ्या वाजवणारे हात पाहून ताई गोंधळली. असं बोलल्यावर लोक टाळ्या वाजवत नाहीत, एवढं तिला कळत होतं. ती मागे वळली आणि पडदा वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग समोर फिरून तिने तेच पुन्हा सांगितलं, आता हात आपटून, कपाळाला आठ्या घालून. आवाज पूर्वीइतकाच मंजुळ. लोकांना वाटलं, ताई भारावल्या आहेत.

शेवटी तिने भावाकडे बोट केलं. ओठांवर दोन बोटं, त्याच्याकडे वळवली. "माझं तोंड, तू सांग यांना."

स्पीकर म्हणाला, "माझा भाऊ." हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली.

माईक धाकट्याच्या हातात होता. मालक बघत होते, साहेब बघत होते, तीन वर्षांचं काम टेबलावर पडलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, यंत्र चुकलंय, ताई वेगळंच म्हणतेय. तो हसला आणि म्हणाला, "ताईला शब्द सुचत नाहीयेत. ती तुमचे सगळ्यांचे आभार मानतेय."

ताईला ते ऐकू आलं नाही. पण मनगटावरच्या पट्टीवर त्याचं वाक्य जसंच्या तसं उमटलं. ऐकणाऱ्यांच्या बोलण्यात यंत्र काडीचाही बदल करत नव्हतं, त्यांचं कुणी गोड करून ठेवलं नव्हतं ना. तिने ते वाचलं, हातमोजे काढले, सवयीने कडेला कड जुळवून घडी घातली आणि ती निघून गेली.

रविवारी सकाळी तिने त्याचा लॅपटॉप मागितला. चार हजार वाक्यं होती. एकेका वाक्याला तिचं चित्रण, खाली त्याचं लेखन. ती पाहत गेली, वाचत गेली. तो समोर बसून राहिला, चहा विचारायचीही त्याची हिंमत झाली नाही. दुपार टळल्यावर तिने लॅपटॉप मिटला.

"मी तेरा वर्षांची होते," ती हाताने म्हणाली, सावकाश, एकेक खूण सुटी करून. "त्या दुसऱ्या गावच्या बहिऱ्यांच्या शाळेतून बाई आल्या होत्या, मला न्यायला. आईने विचारलं, जायचं का. मी काय म्हणाले होते?"

त्याला आठवत होतं. तो नऊ वर्षांचा, दाराला टेकून उभा. "मला जायचंय," तोही हातानेच म्हणाला. "इथे माझ्याशी कुणी बोलत नाही, असं म्हणालीस."

"आणि तू आईला काय सांगितलंस?"

"आई रडत होती, ताई. तू गेली असतीस तर मलाही..."

"काय सांगितलंस?"

"ताई म्हणते, नंतर बघू, घाई नाही."

ताईचे हात मांडीवर पडले. बहिऱ्या माणसाचं गप्प होणं असं दिसतं. बऱ्याच वेळाने ते उचलले गेले. "मला वाटलं आईने नाही म्हटलं. ती मरेपर्यंत मी तिच्याशी नीट वागले नाही. शेवटच्या आजारपणातसुद्धा नाही."

तो रडला. खरंच रडला, मनापासून. ती उठून गेली, आणि ते तिने बरंच केलं, कारण थांबली असती तर त्याने माफीही गोडच मागितली असती.

सोमवारी तिने मालकांच्या हातात कागद ठेवला. "मोजे नको. दुभाषी बाई पाहिजे. यंत्र खोटं बोललं. भाऊ खोटं बोलला." चार वाक्यं, चारही स्वच्छ आणि स्पष्ट. मालकांनी धाकट्याला फोन लावला. "अहो, हे काय? परवा तर ताई किती छान बोलल्या. यात काय मानायचं?"

साहेब समोरच बसले होते. धाकट्याने श्वास घेतला. "लिहिताना तिचा जरा गोंधळ होतो," तो म्हणाला. "तुम्ही मनावर घेऊ नका."

मालकांनी मनावर घेतलं नाही. पहिल्या तारखेपासून दुभाषी बाई बंद झाल्या आणि सातही जणांना हातमोजे मिळाले. ताईने काम सोडलं नाही. सोडलं असतं तर त्या सहा जणांना वाली कोण होता? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. घरी ती धाकट्याशी कागदाच्या चिठ्ठ्यांवर बोलू लागली. मीठ दे. गॅस संपला. दार लाव. चिठ्ठीत तो काही बदलू शकत नव्हता.

पंधरा दिवसांनी कारखान्यातून पहिला अहवाल आला. तक्रार एकही नाही, सुपरवायझर खूश, यंत्र उत्तम. शेवटी न कळलेल्या खुणांची यादी होती. एकच खूण पंधरा दिवसांत एकेचाळीस वेळा आली होती, सातही जणांकडून. ओठांवरची दोन बोटं मात्र यादीत नव्हती आणि अहवालात इतर कुठेही नव्हती. ते नाव आता कुणी घेत नव्हतं.

धाकट्याने नवी खूण पडद्यावर सुरू केली. फक्त रेघांनी काढलेला एक हात. बोटांची टोकं जुळलेली, त्यांवर अंगठा फिरतोय, आणि हात खाली झटकत पुढे पुढे जातोय, काहीतरी पेरत. त्याने ती तीनदा पाहिली. कुणाला विचारायची गरज नव्हती. साखर पेरणारा. त्याचं नवं नाव.

खाली अक्षरं लुकलुकत होती: नवी खूण, अर्थ लिहा.

"काय आहे रे ते?" साहेबांनी मागून विचारलं.

"काही विशेष नाही," धाकटा म्हणाला, आणि त्याने लिहिलं, "माझा भाऊ." यंत्राने ते लगेच शिकून घेतलं.