आखडलेला रस्ता

"बोला, किती पडले?"

माइकवरचा आवाज मठाच्या मैदानभर घुमला. रांगेतल्या पहिल्या गाडीच्या मालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढून मीटरचा आकडा सांगितला, "छत्तीस, महाराज."

"आन् आधी किती पडत होते?"

"साडेअडतीस."

"मंग अडीच किलोमीटर कोनं खाल्ले गा? पुलानं खाल्ले का टोलनाक्यानं?" गर्दी हसली. वाटाडे महाराजांनी हसू ओसरेपर्यंत डोळे मिटून घेतले आणि आवाज खाली आणला. "रस्ता तोच, घर तेच, मठ तोच. पन तुमी निंगाले की मले समजते. लेकरू रांगत आलं तर माय जागेवर बसून राहाते का? हात पुढं करते. तसा मी रस्ता आखडून घेतो, बाप्पा. तुमाले वाटते तुमी गाडी चालवून राहिले. मी ओढून राहिलो."

टाळ्या पडल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पुढच्या गाडीवाल्याने आकडा सांगितला, पुन्हा टाळ्या.

सावनेरच्या अलीकडच्या या मैदानात दर रविवारी अशा गाड्या लागत. सगळ्या एकाच घाटाच्या, छोट्या एसयूव्ही, आणि सगळ्यांना तेच जाडजूड, दातेरी, गाडीच्या मानाने थोराड दिसणारे टायर. हे टायर महाराजांचा साळा बळीराम त्याच्या दुकानात बसवून देई, आणि बसवण्याआधी महाराज त्यांच्यावरून हात फिरवत. दर रविवारी टायरला ओल्या कुंकवाचा पट्टा ओढायचा, मीटरचा आकडा माइकवर सांगायचा, ही मठाची रीत.

रांगेत चौथी गाडी जितेंद्रची होती. त्याच्या शेजारी लेकीला, गोपिकाला, मांडीवर घट्ट धरून त्याची बायको सोनिका बसली होती. मागे सासूबाई, प्रेमलता, जपमाळ ओढत होत्या.

सोनिकाचे हात सकाळपासून गार पडले होते.

जितेंद्र काही अडाणी नव्हता. नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत दिवसभर आकड्यांशीच त्याचं काम. आईने पहिल्यांदा मठाचं नाव काढलं तेव्हा तो हसला होता. मग एका मित्राच्या आग्रहाने त्याने हे टायर बसवले, आणि बेशातल्या घरापासून मठापर्यंत त्रेचाळीस किलोमीटर दाखवणारं मीटर चाळीस दाखवू लागलं. त्याने पुन्हा पाहिलं, पुन्हा चाळीस. त्या दिवसापासून त्याचं हसणं बंद झालं.

"मी कोनाच्या सांगन्यावर नाही मानत," तो सोनिकाला म्हणाला होता, "मी सोता पाहिलं. मशीन कायले खोटं बोलन?"

 त्यानंतर घरात एकेक गोष्ट बदलत गेली. महाराज म्हणाले, सीटचा पट्टा बांधणं म्हणजे अविश्वास, तर जितेंद्रने पट्टा सोडला. महाराज म्हणाले, लेकरू मायच्या मांडीवर, पुढं, तर गोपिकाला बांधून बसवायची खुर्ची गाडीतून निघून माळ्यावर गेली. दोन वर्षांची ती पोर पुढच्या काचेला नाक लावून कोळशाचे ट्रक मोजायची, आणि सोनिका तिच्या पोटाभोवती दोन्ही हातांची कडी घालून बसायची. जोराचा ब्रेक लागला तर ही कडी टिकेल का, एवढाच विचार तिच्या डोक्यात असे.

आज येताना तिने भीती घालवायला मोबाइलवर नकाशा लावला होता. नकाशा ब्याऐंशीचा, पंच्याऐंशीचा वेग दाखवत होता.

"अहो, हळू चालवा ना."

"ऐंशीच्या खाली तर हाये. पाह्य मीटर."

मीटरवर खरंच अठ्ठ्याहत्तर होते. आणि मठ आल्यावर नकाशाने अंतर सांगितलं, पूर्वीचंच, त्रेचाळीस. जितेंद्रने ते झटकून टाकलं. "मोबाइलले महाराज काय समजते?"

त्याआधी कोराडीच्या पुढे एका खड्ड्यात डावं चाक जोरात आदळलं होतं. तेव्हापासून गाडी जरा डावीकडे ओढते आहे, असं जितेंद्र स्वतःच पुटपुटला होता.

"आज समर्पन हाये," माइकवरून आवाज आला. "आतापरेंत आपन मैदानात स्टिअरिंगवरचे हात सोडले. सगळ्या गाड्या सरळ चालल्या का नाही?"

"चालल्या," गर्दी म्हणाली.

"आज पुलाच्या उतारावर. हात छातीशी, डोळे बंद, अकरा वेळा नाव घ्याचं. लेकरू पुढं. गाडी मी ओढतो."

मठामागे रेल्वेवरून नवा पूल झाला होता. त्याचा उतार थेट हायवेला भिडत होता, आणि डाव्या अंगाला कठडा अजून बांधायचा होता. खाली गिट्टीची खदान. सोनिकाने गोपिकाला छातीशी ओढलं. 

"अहो, आपन नको. गाडी डावीकडे ओढून राहिली म्हणाले ना तुम्ही?"

"तेच तर सोडाचं आहे सोनिका. शंका."

"गोपीले तरी खाली ठेवू द्या."

"लेकरू पुढं म्हणाले ना ते," मागून प्रेमलता म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज बारीक झाला होता.

तेवढ्यात गोपिकाने लंगोट ओला केला. सोनिकाला ते बरंच झालं. रांग पुढे सरकायच्या आत ती उतरली, मागे जाऊन डिक्की उघडली आणि कपड्यांची पिशवी ओढली. पिशवीचा बंद खालच्या गालिच्यात अडकला होता. ओढताना गालिचा वर आला, आणि खाली पडलेली स्टेपनी दिसली. कंपनीने दिलेली. बळीरामने चार टायर बदलले होते, पाचवा कोणी बदलत नाही.

ती बघतच राहिली. स्टेपनी बारकी होती. शेजारच्या नव्या चाकापुढे ती मोठ्या बहिणीजवळ उभ्या केलेल्या धाकटीसारखी दिसली असती.

गोपिका तिचं बोट धरून उभी होती. घरापासून किराण्याच्या दुकानापर्यंत दोघी अशाच चालत जायच्या. सोनिकाचं एक पाऊल पडे तोवर गोपिकाची तीन पडत. दोघींनी आपापली पावलं मोजली, तर पोरगी म्हणेल दुकान लांब आहे, आई म्हणेल जवळ आहे. दुकान असतं तिथंच.

मीटर रस्ता मोजत नाही, तिच्या मनात आलं. मीटर चाकाची पावलं मोजतं. 

"जितेंद्र," एरवी ती त्याला नावाने हाक मारत नसे. "खाली उतरा."

"नंबर येऊन राहिला आपला."

"म्हणूनच. ही स्टेपनी बाहेर काढून द्या मले."

"लोकं पाहून राहिले, सोनिका."

"पाहू द्या."

तिचा चेहरा बघून तो उतरला. स्टेपनी त्याने काढली, पण कपाळाला आठ्या घालून. सोनिकाने मठाच्या ताटातलं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि स्टेपनीला आडवा पट्टा ओढला. पुढच्या चाकावर मठाचा पट्टा होताच, तो तिने पुन्हा ओला केला. घाईत पट्टे वाकडे आले.

"आई, गोपीले कडेवर घ्या. आन् अहो, गाडी न्यूट्रलमध्ये टाका. हात लावू नका स्टिअरिंगले. आपन मागून ढकलू."

मागच्या गाडीतल्या दोन बायका काही न विचारता मदतीला आल्या. गाडी सिमेंटवरून हळूहळू पुढे गेली. लाल ठसा पडला, मग दुसरा, मग तिसरा. पाचवा अगदी फिका. मग सोनिकाने पहिल्या ठशापाशी स्टेपनी उभी केली आणि शेजारून गडगडत नेली. तिचा दुसरा ठसा गाडीच्या ठशाआधीच उमटला. तिसरा आणखी आधी. पाचव्यापर्यंत फरक हातभरावर गेला.

"पाहा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मीटर चाकाच्या चकरा मोजते. कंपनीनं त्याले सांगून ठेवलं की एका चकरेत या बारक्या चाकाएवढंच अंतर जाते. आता चाक मोठं लावलं, चकरा कमी लागतात. म्हणून किलोमीटर कमी दिसतात. रस्ता काही आखडला नाही. आन् वेगही तसाच. काटा ऐंशी म्हणते तेव्हा गाडी पंच्याऐंशीच्या वर असते. आपन सगळे लेकरं घेऊन तशा वेगानं येऊन राहिलो."

बळीराम घाईघाईने आला. "ताई, टायर टाकताना आमी वेगाचं सांगत असतो."

"मले नाही सांगितलं," जितेंद्र म्हणाला.

तो मात्र अंतराकडे बघत नव्हता. तो ठशांची ओळ बघत होता. स्टिअरिंगला कोणी हात लावला नव्हता. पहिले दोन ठसे सरळ होते, पुढचे एकेक करत डावीकडे सरकले होते, आणि गाडी मठाच्या झेंडूच्या वाफ्यापाशी जाऊन थांबली होती. उतारावर त्या अंगाला वाफा नव्हता, खदान होती. 

"बाकीच्या गाड्या मैदानात सरळ गेल्या, त्या चाकं नीट बसवली होती म्हणून," तो हळूच म्हणाला. "टायर बदलताना चाकं सरळ करून देतात. सपाट रस्त्यावर अशी कोनतीही गाडी थोडा वेळ सरळ जाते. माझी खड्ड्यात आपटली."

महाराज माइक सोडून खाली आले होते. ते हसत होते, पण डोळे सोनिकावर रोखलेले होते.

"माय," ते गोड आवाजात म्हणाले, "हिशेब तुझा बराबर असन. पन ज्या मायच्या मनात शंका राहाते, तिच्या लेकराचं रक्षन कोन करन? घरी जायचं हाये ना तुमाले? लांब हाये रस्ता."

 चाकाचं गणित सोनिकाला कळत होतं, पण पोरीचा विषय त्या तोंडी आला की कळलेलं सगळं पातळ होत होतं. परतीच्या वाटेत खरंच काही झालं तर? तिने प्रेमलतांच्या कडेवरच्या गोपिकाकडे हात पसरले.

प्रेमलतांनी पोर दिली नाही. त्या तिला घेऊनच पुढे झाल्या. श्रद्धा त्यांची अजून जागेवर होती, तिच्यातूनच त्या बोलल्या.

"महाराज, सुनेले समजत नाही, जाऊ द्या. तुमी एक करा. नातीच्या जागी तुमीच बसा पुढं. आमच्या गाडीत नको, ती बिघडली. तुमच्या गाडीत. ड्रायव्हरले सांगा, उतारावर हात सोडाचे. तुमी सोता बसले तर मंग कायची भीती?"

महाराज थांबले. "आमी देहानं बसत नाही, माय."

"सकाळी तर बसूनच आले ना? मी पाह्यलं."

कोणीतरी मागून हसलं. मग लोकांच्या माना सावलीत उभ्या असलेल्या महाराजांच्या पांढऱ्या गाडीकडे वळल्या. तिचे टायर कंपनीचेच होते, बारके. त्यांच्यावर हात फिरवायची महाराजांना गरज वाटली नव्हती. ड्रायव्हर आत बसला होता, छातीवरून पट्टा घेऊन. लोक बघताहेत हे लक्षात आल्यावर तो पट्टा सोडायला गेला आणि मध्येच थांबला.

"सांगा ना त्याले," प्रेमलता पुन्हा म्हणाल्या. उत्तर त्यांना आता कळलं होतं.

महाराज मठात निघून गेले. माइकवर भजन लागलं. काही लोक भजनाला बसले, त्यांना बसायचंच होतं. पण त्या दिवशी उताराकडे एकही गाडी गेली नाही, आणि दोघा-तिघांनी आपापल्या डिक्कीतली स्टेपनी काढून कुंकू मागितलं.

घरी जाताना प्रेमलता पुढे बसल्या, पट्टा लावून. सोनिका गोपिकाला घेऊन मागे. चाकं अजून तपासून घ्यायची होती, म्हणून जितेंद्र दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, रस्त्याच्या कडेकडेने चालवत होता. 

"साठ दिसते तेव्हा खरे किती असन गं?" त्याने विचारलं.

"चौसष्ट."

"मंग पन्नासवरच ठेवतो."

एका ट्रकने भोंगा वाजवला तसे सोनिकाचे हात पुन्हा गार पडले. भीती एका दुपारीत जात नाही. आणि भीती काही वाईटही नाही, तीच आपल्याला पोराभोवती हात घालायला लावते. पण तिचा फायदा घेऊन कोणी आपल्याला तेच हात सोडायला सांगू लागलं, तर थांबावं. आकडा समोर ठेवला असेल तर विचारावं, हा कशाने मोजला. चमत्कार दाखवला असेल तर म्हणावं, पुन्हा दाखवा, आणि या वेळी माझ्या लेकराच्या जागी तुम्ही बसा. एवढं विचारायला शिक्षण लागत नाही, देव सोडावा लागत नाही. भर गर्दीत एकदा गाडीतून उतरावं लागतं.